वैमानिकाची पाटी

शिंदखेड्याच्या माणसास विमान पाहण्याकरितां मान वर करावीशी आतां वाटत नाहीं. तापीपलीकडे शिरपूरजवळ तांडे येथें एक धावपट्टी आहे. दक्षिणेस धुळ्याजवळ गोंदूरची आहे. पूर्वेस जळगांवचा विमानतळ २०१२ च्या मार्च महिन्यांत राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें खुला झाला. या ठिकाणांहून वैमानिकी शिकणाऱ्या मुलामुलींचीं लहान लहान विमानें गेलीं कित्येक वर्षें आमच्या डोक्यावरून जात आलीं आहेत. कपाशी निंदणाऱ्या बाया त्यांच्या घरघरीकडे विहिरीवरच्या मोटरीच्या आवाजाइतकेंच लक्ष देतात. क्वचित् एखादें विमान गांवावर दोन घिरट्या घालून पुन्हा आल्या वाटेनें परतलें, तर मात्र कोणीतरी खुरपें थांबवून म्हणतें, "इमान आज वाट भुलनं का काय?" आणि सगळ्या जणी हंसतात.

प्रश्न थट्टेचा असला तरी वावगा नाहीं. जमिनीवर वाट चुकलेला मनुष्य उभा राहूं शकतो, समोरून येणाऱ्यास विचारूं शकतो, झाडाखालीं बसून शिदोरी सोडूं शकतो. विमानास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. ताशीं शंभर सागरी मैल म्हणजे सुमारें १८५ किलोमीटर. या वेगानें लहान विमान दर सेकंदास पन्नास मीटर पुढें सरकत असतें, आणि वैमानिक विचार करीत आहे म्हणून टाकींतलें इंधन जळावयाचें थांबत नाहीं. म्हणून या विद्येंत पहिला धडा उडण्याचा असला, तरी दुसरा धडा आपण कोठें आहों हें ओळखण्याचा असतो.

या दृष्टीनें पाहतां आमचा मुलूख नवशिक्यांवर कृपाळू आहे. उत्तरेस सातपुड्याची भिंत. तिच्या अलीकडे पूर्वेकडून पश्चिमेस जाणारी तापी. तापीच्या दक्षिणेस सुरत–भुसावळ लोहमार्ग. आणि या साऱ्यांस आडवा छेदून धुळ्याहून सोनगीर, नरडाणा, शिरपूर असा वर चढत जाणारा मुंबई–आग्रा रस्ता. रस्त्याकांठीं सोनगीरचा किल्ला उभा आहे. नरडाण्याशीं रस्ता व लोहमार्ग एकमेकांस भेटतात. मुडावदेस पांझरा तापीस मिळते व तेथें कपिलेश्वराचें देऊळ आहे. लोहमार्ग धरून पश्चिमेकडे आलें कीं बुराई नदीकांठचें शिंदखेडें लागतें, पुढें दोंडाईचें. ज्या गांवास आम्ही जन्मभर कचेऱ्यांचें, धुळीचें व थांबणाऱ्या-न-थांबणाऱ्या गाड्यांचें गांव समजत आलों, तें कोणाच्या तरी वहींत 'ठळक खूण' म्हणून नोंदलेलें असतें, हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस थोडा अभिमान वाटला, हें सांगावयास हरकत नाहीं.

कळण्याचें निमित्त असें कीं, आमचा भाचा हा धंदा शिकत आहे. शाळा कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. व्यावसायिक परवान्यासाठीं दोनशें तास उड्डाण व्हावें लागतें, आणि त्या दोनशें तासांचा खर्च मध्यम स्थितींतील कुटुंबास घरावर कर्ज काढल्यावांचून झेपत नाहीं. आमच्या बहिणीनें व मेहुण्यांनीं तें काढलें आहे. भाच्याचीं लांब पल्ल्याचीं उड्डाणें सुरू व्हावयाचीं होतीं, तेव्हां त्याचा फोन आला. "मामा, एक चांगला टॅब घ्यायचा आहे. जी.पी.एस. पक्का पाहिजे. दुकानदार काय वाटेल तें सांगतात. तुम्ही गणित शिकवलेंत, तुम्हींच बघा ना." लगोलग बहिणीचाहि आला. तिचें म्हणणें थोडक्यांत होतें. "भाऊ, पैसे किती लागतील तें विचारूं नकोस. जी कधीं चुकणार नाहीं अशी घे."

तिच्या या वाक्यामागें काय होतें तें आम्हांस ठाऊक होतें. १६ जुलै २०२१ रोजीं शिरपूरकडील एक शिकाऊ विमान चोपडें तालुक्यांत वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं कोसळलें. शिक्षक वैमानिक जागींच गेले. शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. त्या रानांतल्या आदिवासी लोकांनींच धांव घेतली, आणि तिला उचलून न्यावयास झोळी हवी म्हणून एका बाईनें आपलें लुगडें काढून दिलें, ही बातमी त्या वेळीं खानदेशांत घरोघर वाचली गेली. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि वाट चुकण्याशीं त्याचा संबंध जोडण्याचा तर मुळींच नाहीं. परंतु आईचें मन चौकशी-समितीच्या रीतीनें चालत नाहीं. तिच्यापुढें डोंगर होता, विमान होतें, आणि आपल्या हातून करतां येण्याजोगी गोष्ट एकच उरली होती. ती म्हणजे एक चांगली वस्तु विकत घेणें.

तेव्हां आम्ही चौकशीस लागलों. टॅब्लेट या शब्दाचा मूळ अर्थ पाटी. आणि लहानपणीं जी पाटी आम्हीं थुंकीनें पुसली तिचीच ही सुधारलेली नात असल्यामुळें पुढें आम्ही तिला पाटीच म्हणणार आहों. शहरांतल्या एका मोठ्या दुकानांत आम्ही गेलों. तेथील तरुण विक्रेत्यानें, "जी.पी.एस. सगळ्यांतच असतो, काका," असें सांगून दहा-बारा पाट्या आमच्यापुढें मांडल्या. हें विधान खरें नाहीं, आणि या खरेदींतील निम्मे फसवे खड्डे याच एका वाक्यांत आहेत. आयपॅड घेतला तर त्याचे दोन प्रकार असतात. एक केवळ वाय-फायवर चालणारा, दुसरा सिमकार्ड घेणारा. पहिल्यांत उपग्रहांचे संदेश ऐकणारा भागच नसतो. तो आसपासच्या वाय-फाय केंद्रांवरून ठावठिकाणा ताडतो. बाजारांत उभे राहिलों तर तो आपली जागा बिनचूक दाखवील, कारण भोंवतीं अशीं केंद्रें शेंकडों असतात. तापीवर हजार मीटर उंचीवर गेलों कीं त्याच्या दृष्टीनें आपण जगांतच नाहीं. दुसऱ्या प्रकारांत खरा ग्राहक असतो. गंमत अशी कीं त्यांत सिमकार्ड घातलें नाहीं, महिन्याचे पैसे भरले नाहींत, तरी उपग्रहाचें काम चालतें. कारण उपग्रह कोणाकडे वर्गणी मागत नाहींत. अँड्रॉइड पाट्यांतहि असेच भेद आहेत, आणि ते डब्यावर बारीक अक्षरांत असतात.

परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. पाटी विमान-अवस्थेंत टाकावी म्हणजे तिचे मोबाईल व वाय-फायचे कान बंद होतात. स्थानाची सोय मात्र चालू ठेवावी. नकाशा आधींच उतरवून घ्यावा. मग गांवाबाहेर उघड्या शेतांत जाऊन बांधाबांधानें चालावें. निळा ठिपका आपल्याबरोबर बांधावरून चालूं लागला तर पाटी खरी. प्रथम मिनिटभर किंवा अधिकहि वाट पाहावी लागेल. एरवीं मोबाईलच्या जाळ्याकडून पाटीस उपग्रहांचें पंचांग आयतें मिळत असतें. जाळें तोडलें कीं तें पंचांग उपग्रहाकडूनच उतरवून घ्यावें लागतें, आणि उपग्रह फार सावकाश बोलतो. सेकंदास पन्नास ठिपके, एवढाच त्याचा वेग. म्हणून जाणते वैमानिक यंत्र सुरू करण्यापूर्वींच पाटी उघड्यावर ठेवून तिला आकाश ओळखूं देतात.

हे उपग्रह सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकाच्या पोटांत अणुघड्याळ असतें आणि प्रत्येक जण अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणीं आहें व या क्षणीं अमुक वाजले आहेत. संदेश पोंचावयास किती वेळ लागला यावरून अंतर निघतें. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागांत तीस सेंटीमीटर जातो. तेव्हां घड्याळ एवढेंसें चुकलें तरी गांव बदलतें. तीन अंतरांवरून जागा निघावी, पण पाटींतलें घड्याळ साधें असल्यामुळें त्याची चूक काढावयास चौथा उपग्रह लागतो. आईन्स्टाईनच्या सिद्धांताप्रमाणें वरचीं घड्याळें खालच्यांहून दिवसास सुमारें अडतीस मायक्रोसेकंद पुढें धांवतात, तीहि दुरुस्ती आधींच करून ठेवलेली असते. ज्या सिद्धांताचें नांव काढलें कीं आमच्या वेळच्या प्राध्यापकांस घाम फुटे, तो आज दोंडाईच्याच्या बाजारांत मिरची घेऊन जाणाऱ्या टेम्पोस वाट दाखवीत आहे.

ही विद्या अमेरिकेनें आपल्या सैन्यासाठीं उभारली. पहिला उपग्रह १९७८ मध्यें गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. २६९ माणसें गेलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही सोय पुरी झाल्यावर सर्व जगास मोकळी करूं असें जाहीर केलें. तरी सामान्यांस मुद्दाम बिघडविलेला संदेश मिळे. तो बिघाड २००० सालच्या मे महिन्यांत काढण्यांत आला. आपल्या देशानेंहि स्वस्थ न बसतां २०१३ ते २०१६ या काळांत सात उपग्रहांची स्वतःची मालिका वर सोडली व तिला 'नाविक' हें नांव दिलें. तिच्यांतील कांहीं घड्याळें पुढें बंद पडलीं, ही दुःखाची गोष्ट. विमानांसाठीं 'गगन' नांवाची वेगळी व्यवस्था आहे. ती जी.पी.एस.च्या चुका जमिनीवरील केंद्रांवरून मोजून, दुरुस्ती पुन्हा आकाशमार्गें कळविते. २०२२ च्या एप्रिलमध्यें राजस्थानांत किशनगढ येथें तिच्या आधारानें प्रवासी विमान उतरविण्याची चांचणी झाली. परंतु हा सगळा थाट विमानांत कायमच्या बसविलेल्या, प्रमाणित उपकरणांसाठीं आहे. मांडीवरची पाटी ही कायद्याच्या दृष्टीनें मदतनीस. तिच्यावर भार टाकून विमान हांकावें असें कोणताहि नियम सांगत नाहीं.

आतां आमच्या मुलखाची खरी अडचण. आयपॅड बनविणारी कंपनी स्वतःच सांगते कीं तो शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेंत वापरावा. पस्तीस अंश! वैशाखांत आमच्याकडे पहाटे दूध तापविण्यापूर्वीं काय तो पारा एवढा खालीं असतो. दुपारीं चव्वेचाळीस-पंचेचाळीस ही जळगांव-भुसावळकडची नित्याची गोष्ट. आम्हीं आमची जुनी पाटी एका दुपारीं कांचेच्या तावदानामागें उन्हांत ठेवून पाहिली. प्रथम तिचा उजेड मंदावला, मग एक उष्णतामापकाचें चित्र उमटलें, मग ती काळी झाली. पाऊण तास देखील लागला नाहीं. विमानाची पुढची बाजू म्हणजे असेंच तावदान, आणि आंत पंखा नाहीं. ज्या क्षणीं वाट विचारावी त्याच क्षणीं पाटी मूर्च्छित व्हावयाची!

यावर कोणी म्हणेल, पाटी सावलींत मांडीवर ठेवावी. पण तेथें दुसरी अडचण उभी राहते. कांहीं विमानांचे पंख डोक्यावर असतात व छप्पर धातूचें असतें. मांडीवरच्या पाटीस आकाशाचा थोडासाच तुकडा दिसतो, आणि उपग्रहांचे संदेश मुळांत इतके क्षीण कीं धातूचा पत्राहि त्यांस आडवतो. उन्हांत ठेवावी तर तापते, सावलींत ठेवावी तर बहिरी होते. या पेंचावर आम्हीं जी वस्तु शोधून काढली तिच्याबद्दल भाच्यानें आमचें कौतुक केलें, म्हणून येथें लिहितों. ऐकण्याचें काम पाटीकडून काढून घ्यावें. काडेपेटीहून थोडी मोठी अशी वेगळी ग्राहक-डबी मिळते. गार्मिन, बॅड एल्फ, ड्युअल या कंपन्यांनीं अशा केल्या आहेत. ती पुढच्या कांचेजवळ ठेवावयाची. तिला पडदा नसल्यामुळें ती पाटीइतकी तापत नाहीं. ती ब्लूटूथनें जें ऐकतें तें मांडीवर सावलींत असलेल्या पाटीस सांगते. यांपैकीं एक डबी सेकंदास दहा वेळां जागा सांगते, पाटी बहुधा एकदांच. पन्नास मीटर आणि पांच मीटर, एवढें अंतर.

मग पडद्याचा प्रश्न. मोठा पडदा दुकानांत मोहक दिसतो, पण लहान विमानांत दांडा दोन गुडघ्यांच्या मध्यें असतो, आणि दहा-अकरा इंची पाटी त्यास अडते. आठ इंचांच्या आसपासची पट्ट्यानें मांडीस बांधतां येते. उजेड जितका प्रखर तितका बरा. तरी काळा ध्रुवीकृत चष्मा घातला कीं कांहीं पडदे एका बाजूनें धरल्यास पार काळे दिसतात, म्हणून चष्मा घालूनच खरेदीस जावें. आम्ही तसे गेलों, तेव्हां विक्रेत्यानें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती विसरण्यासारखी नव्हती. शेवटीं सिमकार्डाची सोय असलेला ८.३ इंची लहान आयपॅड व वर सांगितलेली डबी, असा निकाल आम्हीं दिला. धूळपाणी सोसणारी सॅमसंगची एक दणकट पाटी आम्हांस अधिक आवडली होती, आणि तिची बॅटरीहि बदलतां येते. पण भाच्याचे सोबती जी प्रणाली वापरतात ती तिच्यावर चालत नव्हती. प्रणालीचेंहि असें आहे कीं नांवावर जाऊं नये. अमेरिकेची फोरफ्लाइट, इंग्लंडची स्कायडेमन, यांची कीर्ति मोठी. पण आपल्या भागाचे कोणते नकाशे त्यांत मिळतात व ते किती ताजे, हेंच पैसे भरण्यापूर्वीं पाहावें. विमानविद्येची माहिती जगभर दर अठ्ठावीस दिवसांनीं बदलण्याची रीत आहे. शिळ्या नकाशावरचा अचूक ठिपका हा अचूकच असतो, पण शिळ्या जगांतला.

नकाशावरून आठवलें. आपल्या देशाचे जुने नकाशे ज्या मोजणीवर उभे आहेत ती लॅम्टननें १८०२ मध्यें मद्रासेस आरंभिली. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सांखळी ओढीत तो म्हातारा वऱ्हाडापलीकडे आला आणि १८२३ मध्यें हिंगणघाट येथें वारला. पुढें एव्हरेस्टनें तें काम नेटानें चालविलें व पृथ्वीच्या आकाराचें त्याचें गणित आपल्या नकाशांचा पाया झालें. उपग्रहांचें गणित वेगळ्या पायावर आहे. दोन्ही पायांमध्यें आमच्या भागांत सुमारें शेंसव्वाशें मीटरांचा फरक पडतो. म्हणजे एकाच अक्षांश-रेखांशास एका गणितानें विहीर तर दुसऱ्यानें शेजाऱ्याचें शेत! १ जानेवारी १९९८ पासून विमानविद्येनें जगभर उपग्रहांचाच पाया मानला आहे, आणि आपल्या सर्वेक्षण खात्यानेंहि २००५ च्या धोरणानंतर लोकांसाठीं काढलेले नकाशे त्यावर बसविले. तरी जुन्या नकाशावरून बिंदु उचलून पाटींत घालणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. उंचीचीहि अशीच गोष्ट. उपग्रहांचा लंबगोल व खरी समुद्रसपाटी यांत खानदेशांत पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. पाटी तो कोष्टकानें भरून काढते. पण आकाशांतले इतर सगळे जण हवेच्या दाबावरून उंची मोजतात, म्हणून वैमानिकानेंहि तीच मोजावी. एकट्यानें बरोबर असण्यापेक्षां सर्वांनीं एकाच मापानें मोजणें तेथें अधिक सुरक्षित असतें.

गांवाच्या नांवाचा घोळ तर आमच्या अंगवळणीं पडलेला आहे. आम्ही शिंदखेडें; आणि जिजाऊंचें जन्मस्थान तें सिंदखेडराजा, बुलढाणा जिल्ह्यांत. आमचीं कित्येक पत्रें आईसाहेबांच्या गांवचें दर्शन घेऊन आमच्याकडे आलीं आहेत. नवी पाटी घरीं आणल्यावर आम्हीं तिच्यांत इंग्रजी अक्षरांनीं नांवाचीं पहिलींच कांहीं अक्षरें टाकलीं, आणि तिनें अत्यंत आत्मविश्वासानें आग्नेयेकडे दोनशें किलोमीटरांवर बोट ठेवलें. घरच्या घरीं हें हंसण्यावारीं गेलें. पण पाटी चुकली असें म्हणावें तर ती चुकली नव्हती. तिला सांगितलें तेथें ती निघाली होती. भाचा तेव्हांपासून गांवाचें नांव न घालतां २१ अंश १६ कला, ७४ अंश ४४ कला, असे आंकडेच घालतो व घातल्यावर दिशा मनाशीं ताडून पाहतो.

त्याच्या शिक्षकांची शिस्त याहून कडक आहे. मांडीवर कागदी नकाशा, मनगटावर घड्याळ, समोर होकायंत्र. निघण्यापूर्वीं पेन्सिलीनें रेघ, रेघेवर दर दहा मिनिटांची खूण, वाऱ्याचा हिशेब वेगळा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत अंशाचाहि फरक नाहीं, त्यामुळें एक बेरीज वांचते; इतर देशांतल्या विद्यार्थ्यांस हें सुख नाहीं. पाटी पिशवींत असावी, चालू असावी, पण विचारल्यावांचून काढूं नये. प्रथम आम्हांस हा जुनाटपणा वाटला. पण २०२३ च्या नोव्हेंबरांत आपल्या नागरी विमान-खात्यालाच उपग्रह-संदेशांत होणाऱ्या ढवळाढवळीविषयीं सूचना काढाव्या लागल्या, हें वाचल्यावर आमचें मत सौम्य झालें. क्षीण आवाज दुसऱ्या मोठ्या आवाजानें बुडवितां येतो. इतकेंच नव्हे, तर हुबेहूब तसाच खोटा आवाज काढून पाटीस भलत्या ठिकाणीं असल्याची खात्री पटवितां येते. होकायंत्रास असें कोणी दुरून फसवूं शकत नाहीं.

आणि पाटी नव्हती तेव्हांहि लोक उडतच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले व अहमदाबादेस थांबून मुंबईस उतरले; त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. त्याआधीं दोन वर्षें आगाखानांच्या बक्षिसासाठीं विलायत ते हिंदुस्थान असें एकट्यानें उडण्याची जी शर्यत झाली, तींत मनमोहनसिंग यांनीं आपल्या विमानास 'मिस इंडिया' हें नांव दिलें होतें. वाटेंत ते इतके भटकले कीं, इंग्रजींत 'मिस' म्हणजे चुकणें असाहि अर्थ असल्यामुळें, हें विमान हिंदुस्थानालाच चुकणार अशी कोटी एका इंग्रज संपादकानें केली. ते हिंदुस्थानास पोंचले, मात्र मुदतींत नव्हे; बक्षीस अस्पी इंजिनियर या तरुणास मिळालें, जो पुढें आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

हें सर्व आम्हीं बहिणीस सांगितलें असतें तर तिनें ऐकून घेतलें असतें व विसरूनहि गेली असती. तिचा प्रश्न निराळाच निघाला. पाटी व डबी तिच्यासमोर ठेवून आम्हीं ठिपका दाखविला. तिनें तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आणि तो वर गेला, म्हणजे हा ठिपका मला इथें दिसेल ना?"

आम्ही गप्प राहिलों. चार महिन्यांच्या सगळ्या चौकशींत हा प्रश्न आमच्या मनांतहि आला नव्हता, आणि तिच्या मनांत पहिल्यापासून तोच होता. पाटी फक्त ऐकते; बोलत नाहीं. उपग्रह सर्वांस सांगतात, पण कोण ऐकतो हें त्यांस ठाऊक नसतें. ती पाटी भाच्यास सांगेल तूं कोठें आहेस; आणखी कोणासहि सांगणार नाहीं. मोबाईलचें जाळें लागलें तर खालीं संदेश येईलहि, पण तें जाळें जमिनीवरच्या माणसांसाठीं उभारलेलें. आकाशांत त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं, आणि सातपुड्याच्या खोऱ्यांत तर जमिनीवरहि नाहीं. आम्हीं तिला हें जसें आहे तसें सांगितलें. खोटें सांगून तिला रात्रभर झोंप आली असती, पण पहिल्याच उड्डाणाच्या दिवशीं तिनें ठिपका शोधला असता.

"मग काय उपयोग?" ती म्हणाली.

तिच्या समाधानासाठीं नव्हे, तर खरें आहे म्हणून आम्हीं तिला दुसरें एक उपकरण सांगितलें. विमानाच्या शेपटाकडे एक लहानशी पेटी बसविलेली असते. एरवीं ती मुकी असते. विमान आदळलें तर ती आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर हांक देऊं लागते, ती हांक उपग्रह ऐकतात, व आपल्या देशासाठीं ती बेंगळूरच्या केंद्रांत उतरते. बोलणारी वस्तु ती आहे. ती पाटीसारखी दुकानांत निवडतां येत नाहीं, तिला रंग नाहीं, पडदा नाहीं. तिची तपासणी वेळेवर झाली आहे कीं नाहीं, एवढेंच विचारतां येतें. भाच्यास तिनें तें त्याच रात्रीं फोनवर विचारलें. तो प्रथम हंसला, मग त्यानें दुसऱ्या दिवशीं वहींत पाहून तपासणीची तारीख कळविली. ती तारीख तिनें स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेविली आहे, गॅसच्या नोंदीखालीं.

गेल्या आठवड्यांत आम्ही तिच्याकडे गेलों होतों. भाच्याचें गोंदूर ते जळगांव व परत असें एकट्याचें उड्डाण दोन दिवसांवर होतें. त्यानें जुना झालेला कागदी नकाशा घरीं टाकला होता, तो तिनें जेवणाच्या मेजावर पसरून चार कोंपऱ्यांवर वाट्या ठेविल्या होत्या. शिवणाचा दोरा घेऊन ती मापीत होती. सुमारें नव्वद किलोमीटर भरले. आम्हीं वेगानें भागून अर्धा तास सांगितला. तिनें दोरा पेन्सिलीच्या रेघेवर ताणून धरला आणि विचारलें, "या रेघेपासून डोंगर किती लांब राहतात?" आम्ही चष्मा पुसून नकाशावर वांकलों. मग तिनें तोच दोरा उत्तरेकडे वळविला, आणि आम्ही दोघेंहि बोटानें अंतर मोजूं लागलों.